वैमानिकाचे तास : भात आणि तांदूळ

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्यातील भातशेतीचे तालुके होत. तेथे धान्याचा व्यवहार ठरताना पहिला प्रश्न मापाचा असतो : बोलणे भाताचे आहे, की तांदळाचे? भात भरडले म्हणजे तूस आणि कोंडा निघून जातो, व वजनाच्या सुमारे दोन-तृतीयांश तांदूळ हाती येतो. खंडीभर भाताला खंडीभर तांदळाचा भाव कोणी देत नाही. आणि तांदूळ भाताच्या भावाने कोणी विकीतही नाही. हवाई दलातून बाहेर पडून प्रवासी विमान कंपनीत नोकरी शोधणाऱ्या वैमानिकापुढे नेमका हाच मापाचा प्रश्न उभा राहतो. त्याचे धान्य म्हणजे त्याने केलेल्या उड्डाणांचे तास.

वैमानिकाची योग्यता जोखताना प्रथम त्याचे तास पाहिले जातात. भारतात व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यास किमान २०० तासांचे उड्डाण लागते. आणि मोठ्या प्रवासी विमानाचे कप्तानपद ज्या परवान्यावर मिळते, त्यास किमान १,५०० तास लागतात. नोकरीच्या अर्जातही एकूण तास, त्यांपैकी स्वतः प्रमुख म्हणून केलेले किती, रात्रीचे किती, अशी घरे भरावयाची असतात.

सैन्यातून नागरी विमानांकडे येण्याची ही वाट नवी नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूस उतरले, तेव्हा तेच टपाल पुढे मद्रासकडे नेणारे नेव्हिल व्हिन्सेंट हे ब्रिटिश हवाई दलातील माजी वैमानिक होते. दुसऱ्या महायुद्धात शहापूर-मुरबाडच्या शेजारी, कल्याणजवळ नेवाळी येथे, भाताच्या खाचरांच्या प्रदेशात लष्करी धावपट्टी झाली. युद्ध संपल्यावर लष्कराला नकोशी झालेली डाकोटा विमाने स्वस्तात मिळू लागली, आणि १९४६ च्या सुमारास देशात अनेक विमान कंपन्या निघाल्या. अलीकडील उदाहरण विंग कमांडर दीपक वसंत साठे यांचे. हवाई दलातील सुमारे बावीस वर्षांच्या सेवेनंतर, लढाऊ विमानांचा व चाचणी-वैमानिकाचा अनुभव घेऊन ते एअर इंडियात आले. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोड येथील विमान अपघातात त्यांचा अंत झाला.

आता मापाकडे वळू. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना १९४४ च्या शिकागो करारातून निर्माण झाली. तिच्या व्याख्येनुसार विमान उड्डाणाच्या हेतूने प्रथम हलते त्या क्षणापासून, उड्डाणाअंती ते पूर्णपणे स्थिर होते त्या क्षणापर्यंतचा सारा वेळ उड्डाणाचा समजावयाचा. धावपट्टीच्या तोंडाशी रांगेत घालविलेली मिनिटेही त्यात आली, कारण त्या वेळीही प्रवाशांची जबाबदारी वैमानिकावरच असते. लष्करी नोंदवहीत मात्र बहुधा चाके जमीन सोडतात तेथपासून ती पुन्हा टेकतात तेथपर्यंतचाच वेळ लिहिला जातो. यंत्राचे आयुष्य व दुरुस्तीच्या मुदती हवेतील वेळेवरच ठरतात. म्हणजे लष्करी तास हा भरडलेला तांदूळ, आणि नागरी तास हे तुसासकट भात. दोन्ही मापे आपापल्या जागी खरी आहेत. घोटाळा होतो तो एकाचा आकडा दुसऱ्याच्या घरात लिहिल्यामुळे.

हा फरक किती मोठा, ते एका हिशेबाने कळेल. लढाऊ विमानाच्या एका वैमानिकाने पाऊण-पाऊण तासाची १,००० उड्डाणे केली, तर त्याच्या नोंदवहीत ७५० तास होतात. मालवाहू विमानाच्या दुसऱ्या वैमानिकाने तीन-तीन तासांची २५० उड्डाणे केली, तर त्याचेही ७५० तासच होतात. जमिनीवरील वेळेपोटी दर उड्डाणामागे बारा मिनिटे, म्हणजे ०.२ तास, धरले तर पहिल्याचे ९५० आणि दुसऱ्याचे ८०० तास होतील. लहान दाण्याला तूस अधिक, असाच हा प्रकार आहे.

अमेरिकेतील कित्येक विमान कंपन्या लष्करी वैमानिकास दर उड्डाणामागे ०.२ किंवा ०.३ तास अशी ठरावीक भर घालू देतात. काही कंपन्या ती मुळीच मान्य करीत नाहीत. तिथल्या सरकारने तर २०१३ पासून विमान कंपनीतील सहवैमानिकासही १,५०० तासांची अट घातली, परंतु लष्करी शिक्षण घेतलेल्यास ती ७५० वर आणली. तासाच्या लांबीइतकेच त्याचे कसही पाहावयाचे असते, हे यातून मान्य झाले.

मात्र कसाचा काटा उलटही फिरतो. एकट्याने चालविलेल्या लढाऊ विमानाचा तास कितीही कठीण असला, तरी दोघांनी मिळून, परस्परांची तपासणी करीत विमान चालविण्याची सवय त्यातून आपोआप लागत नाही. हेलिकॉप्टरचे तास विमानाच्या तासांच्या बरोबरीने धरले जात नाहीत. वैद्यकीय तपासणी आणि त्या जातीच्या विमानाचे नवे शिक्षण कोणास चुकत नाही.

या हिशेबावर कुटुंबाचे भवितव्य अवलंबून असते. हवाई दलाच्या उड्डाण शाखेतील अल्पमुदतीची नेमणूक चौदा वर्षांची असते. ती संपते तेव्हा वैमानिक पस्तिशी ओलांडलेला असतो, मुले शाळेत असतात, आणि निवृत्तिवेतनाचा आधार नसतो. प्रवासी विमानाच्या वैमानिकास वर्षाला १,००० तासांपर्यंत उड्डाण करण्याची मुभा आहे. लढाऊ वैमानिकास तेवढ्या तासांना कित्येक वर्षे लागतात. अशा वेळी वयाने लहान असलेल्या उमेदवाराचा आकडा आपल्याहून मोठा पाहून मोहाचा क्षण येणे स्वाभाविक आहे. परंतु २०११ साली भारतात खोट्या गुणपत्रिका आणि खोटे उड्डाणतास दाखवून परवाने मिळविल्याची प्रकरणे उघडकीस आली, आणि परवान्यांबरोबर माणसांची अब्रूही गेली.

म्हणून जाणत्यांचा परिपाठ असा आहे. मूळ नोंदवहीतील आकड्यास हात लावावयाचा नाही. सेवेच्या अधिकाऱ्याकडून प्रमाणित केलेला एकूण आकडा आधी लिहावयाचा, शेजारी उड्डाणांची संख्या मांडावयाची, आणि कंपनीने परवानगी दिली असेल तरच भर वेगळ्या रकान्यात, तिचे प्रमाण सांगून, दाखवावयाची. परवान्याच्या अर्जात मात्र सरकारी नियम सांगेल तेवढेच लिहावयाचे. आकडा थोडा लहान दिसला तरी चालेल. तो विचारला असता एकेका उड्डाणापर्यंत उकलून दाखविता आला पाहिजे. विमानात मागे बसलेल्या शेकडो माणसांना ती नोंदवही कधीच पाहावयास मिळत नाही. ती खरी आहे, एवढ्याच भरवशावर ती डोळे मिटून झोपलेली असतात.