शिशाचे शिपाई, टेबलावरचे रणांगण

दिवाळीच्या सुट्टीत चाळीच्या अंगणात मुले दगडमातीचा किल्ला करतात, त्यावर आळीव पेरतात आणि बाजारातून आणलेले मातीचे मावळे बुरुजांवर उभे करतात. मावळे उभे राहिले की खेळ संपला. चार दिवस येणारेजाणारे कौतुक करतात, मग पुन्हा सारी मातीच. इंग्लंड-अमेरिकेत मात्र शिपाई मांडून झाले की तेथून खेळ सुरू होतो. तो खेळणारेही बहुतेक मुले नसतात, तर नोकरीधंद्याची, चष्मा लावणारी पोक्त माणसे असतात. या छंदाला तिकडे ‘वॉरगेमिंग’ म्हणतात. आपण त्याला युद्धखेळ म्हणू.

आमच्या वाचकांपैकी कितीतरी घरांतून कोणी ना कोणी फौजेत होते किंवा आजही आहे. पेन्शनच्या कागदांतून आणि अपुऱ्या राहिलेल्या गोष्टींतून युद्ध अशा घरांत आलेले असते. तेव्हा ‘युद्धाचा कसला आला आहे खेळ?’ असा प्रश्न वाचकांच्या मनात येणारच. आमच्याही मनात तोच आला. म्हणून या छंदाच्या मुळाशी जाऊन पाहिले. जे हाती लागले ते येथे देत आहोत.

प्रथम खेळ कसा चालतो ते पाहू. इतिहासातील एखादी खरी लढाई निवडायची, समजा १८ जून १८१५ ची वॉटर्लूची. सहा फूट लांब, चार फूट रुंद टेबलावर हिरवे कापड पसरायचे. कापडाखाली पुस्तके सरकवली की टेकड्या झाल्या. पुठ्ठ्याची घरे, शेवाळाची झाडे. सैनिक धातूचे किंवा प्लॅस्टिकचे, उंचीला अठ्ठावीस मिलिमीटर म्हणजे अंगठ्याच्या अर्ध्याएवढे, काही तर पंधरा मिलिमीटरचेच. ते दुकानातून बिनरंगी आणायचे आणि बारीक कुंचल्याने घरी रंगवायचे. कोणत्या पलटणीच्या कोटाची कॉलर पिवळी होती आणि कोणाची निळी, यासाठी ही मंडळी ग्रंथालये पालथी घालतात. एक सैन्य रंगवून पुरे व्हायला महिने लागतात. घरातील गृहिणीचे त्यावर काय म्हणणे असते ते सांगायला नको!

एक बाहुला वीस, तीस किंवा पन्नास माणसांच्या जागी उभा असतो. पायदळ एका पाळीला किती इंच सरकेल, घोडदळ किती, हे नियमपुस्तकात ठरलेले असते आणि ते फूटपट्टीने मोजायचे. गोळी लागली की नाही ते फासा सांगतो. पण आम्हांला सर्वांत विचार करायला लावणारा नियम वाटला तो धीराचा. एखाद्या पलटणीतील बरीच माणसे पडली, शेजारची पलटण पळाली किंवा सेनापती मारला गेला की त्या पलटणीसाठी फासा टाकतात. दान वाईट पडले तर उरलेले सारे धडधाकट शिपाई पाठ फिरवून पळतात, मग खेळणाऱ्याचा बेत कितीही हुशारीचा असो. बहुतेक लढाया माणसे मेल्यामुळे नव्हे, तर धीर सुटल्यामुळे हरल्या जातात, हे ध्यानात घेऊन केलेला हा नियम आहे. बुद्धिबळात असे काही नाही. तेथे प्यादे कधी घाबरत नाही.

बुद्धिबळाचा उल्लेख आला तर सांगायला हवे की या साऱ्याचे मूळ आपल्याकडच्या चतुरंगात आहे. हत्ती, घोडा, रथ आणि पायदळ ही सैन्याची चार अंगे पटावर आली ती भारतात. पटाचा नकाशा मात्र झाला जर्मन प्रशियात. १८१२ मध्ये राइसविट्झ नावाच्या सरदाराने प्रशियाच्या राजाला खेळासाठी एक मोठे टेबल भेट दिले. टेकड्या, नद्या, गावे यांचे तुकडे त्यावर हवे तसे जुळवता येत. त्याचा मुलगा तोफखान्यात लेफ्टनंट होता. त्याने १८२४ मध्ये पक्के नियम छापले. टेबलाऐवजी खरा नकाशा आला, दोन्ही बाजूंच्या पलटणींसाठी शिशाचे लाल-निळे ठोकळे, नशिबासाठी फासे आणि निवाड्यासाठी एक पंच. सैन्यात खेळाचा मोठा बोलबाला झाला, पण त्या तरुणाने १८२७ मध्ये आत्महत्या केली. पुढे १८७०-७१ मध्ये प्रशियाने फ्रान्सला हरवले, तेव्हा इतर देशांचे सेनापतीही हा खेळ शिकू लागले.

हा झाला सेनापतींचा खेळ. त्याचा घरगुती छंद केला तो एका मोलकरणीच्या मुलाने.

एच. जी. वेल्स हे नाव विज्ञानकथा वाचणाऱ्यांना ठाऊक असेल. त्याचा जन्म १८६६ चा. आई श्रीमंतांच्या घरी चाकरीला होती. वडिलांचे छोटेसे दुकान होते आणि ते कधी धड चालले नाही. वडिलांचा पाय मोडला, घर खचले आणि कोवळ्या वयातच मुलाला कापडाच्या दुकानात उमेदवारीला ठेवण्यात आले. दिवसाचे तेरा तास काम, झोपायला दुकानाच्याच वसतिगृहात. तो तेथून हट्टाने बाहेर पडला, शाळेत शिकवता शिकवता स्वतः शिकला आणि शिष्यवृत्ती मिळवून १८८४ मध्ये लंडनच्या विज्ञान महाविद्यालयात पोचला. शिष्यवृत्तीच्या दोरीने वर आलेली माणसे आपल्याही घरांत आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

पुढे लेखक म्हणून नाव झाल्यावरची गोष्ट. वेल्सच्या घरी जेवणानंतर एक लेखकमित्र मुलांच्या खेळण्यांपाशी बसला. तेथे स्प्रिंगची एक छोटी तोफ होती, तिच्यातून लाकडी गोळी उडे. मित्राने नेम धरला आणि शिशाचा शिपाई पाडला. लगेच दुसऱ्याने आव्हान दिले. दोन मोठी माणसे जमिनीवर पालथी पडून खेळू लागली! त्यातून वेल्सने नियम बसवले आणि १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक काढले. पायदळ एका पाळीला एक फूट चाले, घोडदळ दोन फूट. तोफ डागायची तर तिच्याजवळ चार शिपाई जिवंत हवेत. पाळीला वेळ ठरलेला, म्हणजे कोणी विचार करत बसायचे नाही. फासे नव्हतेच, तोफेचा नेम खराच धरायचा. विश्वकोशाचे जाडजूड खंड मांडून त्याने रणांगणाचा प्रदेश उभा केला. त्या पुस्तकांचा इतका जोरदार उपयोग क्वचितच झाला असेल.

त्या वेळी असे शिपाई मध्यमवर्गीय घरांत आले होते, कारण ते स्वस्त झाले होते. लंडनच्या ब्रिटन कुटुंबाच्या कारखान्याने १८९३ मध्ये पोकळ शिपाई काढले. साच्यात वितळलेले शिसे ओतायचे, कडेला पातळ थर थिजला की मधले परत ओतून घ्यायचे. धातू कमी लागे, त्यामुळे भरीव जर्मन शिपायांपेक्षा हे शिपाई स्वस्त पडत. रंगकाम हाताने होई आणि ते करणाऱ्यांत बाया आणि मुली पुष्कळ होत्या. शिशाचा विषारीपणा लोकांच्या पुरता ध्यानात यायला वेळ लागला. त्या कारखान्याने शिशाचे शिपाई बंद केले ते १९६६ मध्ये.

पुस्तकाच्या शेवटी वेल्स गंभीर होतो. चार वेळा हा खेळ खेळून पाहा, खरे युद्ध केवढा मोठा गोंधळ आणि मूर्खपणा असतो ते कळेल, असे त्याचे म्हणणे. युद्धाची खुमखुमी असलेले राजे आणि चिथावणी देणारे देशभक्त यांना एका मोठ्या सभागृहात कोंडावे, त्यांना तळघरे भरून खेळण्यातले शिपाई द्यावेत आणि बाकीच्या जगाला सुखाने जगू द्यावे, अशी त्याची सूचना होती. पुढच्याच वर्षी, १९१४ मध्ये, पहिले महायुद्ध पेटले. आणि हाच वेल्स, हे युद्ध सर्व युद्धांचा शेवट करील, असे सांगत लेखणी घेऊन युद्धाच्या बाजूने उभा राहिला. आम्हांला हा माणूस आवडतो, पण ही गोष्ट झाकून ठेवण्यासारखी नाही.

ऐतिहासिक खेळ म्हटला की इतिहास आला आणि तो कोणाला विचारून लिहिला हा प्रश्नही आला. इंग्लिश सैन्यातील विल्यम सायबोर्न नावाच्या अधिकाऱ्याने १८३० च्या दशकात वॉटर्लूच्या रणांगणाची प्रतिकृती केली. आठ महिने तेथे राहून त्याने जमीन मोजली. लढाईत असलेल्या अधिकाऱ्यांना शेकडो पत्रे पाठवली, तुमची पलटण त्या क्षणी कोठे होती, समोर कोण होते, असे विचारले. ७५ हजारांच्या आसपास इवले शिपाई मांडले गेले. मग ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या बाजूने कुरबूर सुरू झाली. मदतीला आलेल्या प्रशियन सैन्याचे श्रेय या प्रतिकृतीत फार मोठे दिसत होते! अखेर प्रशियनांचे हजारो शिपाई काढून टाकण्यात आले. १८३८ मध्ये लंडनला प्रदर्शन भरले, एक शिलिंगाचे तिकीट काढून लोक लोटले, सायबोर्न मात्र कर्जातच राहिला. ती प्रतिकृती आज लंडनच्या राष्ट्रीय सैन्य संग्रहालयात आहे. विचारले ते अधिकाऱ्यांना; बंदूक धरून चिखलात उभ्या असलेल्या शिपायांना नव्हे. १ जानेवारीला भीमा कोरेगावला जाणाऱ्या वाचकांनी साध्या शिपायांची नावे दगडात कोरलेली पाहिली आहेत. त्यांना हा फरक समजावून सांगायला नको.

आता ज्या हकिकतीसाठी हा लेख लिहावासा वाटला तिच्याकडे वळतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या अटलांटिक महासागरात इंग्लंडकडे धान्य, तेल, दारूगोळा नेणारी जहाजे बुडवत होत्या. जानेवारी १९४२ मध्ये लिव्हरपूलला एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर ब्रिटिश नौदलाने एक खोली उघडली. प्रमुख गिल्बर्ट रॉबर्ट्स, क्षयामुळे नौदलातून निवृत्त झालेला अधिकारी. त्याच्या हाताखाली नौदलाच्या महिला दलातील मुली होत्या, काही तर जेमतेम वीस वर्षांच्या. लढाऊ जहाजावर जाण्याची परवानगी त्यांना नव्हती. खोलीच्या लिनोलियमच्या जमिनीवर चौकटी आखल्या होत्या, त्यावर लहान लहान जहाजे. समुद्रावरून आलेले अधिकारी कापडी पडद्यांमागे बसत आणि छोट्या झरोक्यातून तेवढेच पाहत, जेवढे खऱ्या जहाजावरून रात्री दिसले असते. मुली गुडघ्यांवर बसून खडूने जहाजांच्या वाटा आखत. पाणबुडीच्या वाटेचा खडू हिरवा असे, तो झरोक्यातून दिसत नसे.

याच जमिनीवर उलगडा झाला, की पाणबुड्या बाहेरून नेम धरत नाहीत, तर रात्री मागच्या बाजूने जहाजांच्या रांगांत शिरतात आणि अगदी जवळून पाणतीर सोडतात. मग राखणीच्या जहाजांनी काय करायचे याची नवी रीत बसवली गेली. जीन लेडलॉ या तरुणीने तिचे नाव ‘रास्पबेरी’ ठेवले. इंग्रजीत तोंडाने वेडावून दाखवण्याच्या आवाजाला हाच शब्द आहे, हिटलरला वेडावल्यासारखे! सर मॅक्स हॉर्टन हा अॅडमिरल स्वतः जुना पाणबुडीवाला. तोही या जमिनीवर पाणबुडी घेऊन उतरला आणि जॅनेट ओकेल नावाच्या तरुण मुलीने त्याला पुन्हा पुन्हा बुडवले, असे सांगतात. युद्ध संपेपर्यंत सुमारे पाच हजार अधिकारी येथून शिकून गेले.

त्या जमिनीवर सरकणारी व्यापारी जहाजे म्हणजे लाकडाचे तुकडे होते. खऱ्या जहाजांच्या पोटात मात्र माणसे होती आणि त्यांत आपली माणसे हजारोंनी होती. डेकवर कोकणातील आणि गुजरातेतील खलाशी, भट्टीपाशी सिल्हेटकडचे, जेवणघरात गोव्याचे. गोऱ्या खलाश्यापेक्षा पगार कितीतरी कमी. पाणतीर इंजिनघराला लागला तर भट्टीपाशी असलेल्याला वर येण्याची संधी फारशी नसे. अविभाजित भारताच्या नौदलातील आणि व्यापारी जहाजांवरील असे सहा हजारांहून अधिक बळी आहेत. मुंबईत मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये त्यांचे स्मारक आहे. तेथून लोकल पकडणारे आमचे वाचक रोज त्याच्या आसपासून जातात. लिव्हरपूलच्या मुली खडूने ज्या वाटा आखत होत्या, त्यांपैकी कोणती आपल्या कोणाच्या जहाजाची होती हे त्यांना ठाऊक असायचे कारण नव्हते. तरी त्या खेळामुळे काहीजण घरी परतले, हेही तितकेच खरे.

युद्धानंतर हा छंद पुन्हा घरगुती झाला. टँक रेजिमेंटमध्ये लढून आलेल्या डोनाल्ड फेदरस्टोन या इंग्रजाने १९६२ मध्ये ‘वॉर गेम्स’ हे पुस्तक लिहिले आणि १९५९ पासून मिळू लागलेल्या एअरफिक्सच्या स्वस्त प्लॅस्टिक शिपायांनी कामगारांच्या मुलांनाही सैन्य मिळवून दिले. खरे युद्ध पाहिलेला माणूस उरलेले आयुष्य बाहुल्यांची युद्धे मांडत बसतो, याचे आम्हांला प्रथम नवल वाटले. आता तितके वाटत नाही. येथे पडलेले शिपाई संध्याकाळी डब्यात परत जातात.

हौस म्हणून करून पाहायचे असेल तर खर्च करू नये. बाहेरचे शिपाई महाग पडतात, आणि जुने शिशाचे कोठे मिळालेच तर लहान मुलांच्या हाती मुळीच देऊ नयेत. ती तोंडात घालतात. पायदळाला बाटल्यांची बुचे, घोडदळाला काड्यापेट्या, शाळेची फूटपट्टी आणि सापशिडीचा फासा पुरे. दहा बुचे इकडे, दहा तिकडे. बूच एका पाळीला चार इंच, काडीपेटी आठ. सहा इंचांच्या आत शत्रू आला की फासा टाका, पाच किंवा सहा पडले तर त्याचे एक बूच बाद. निम्मी बुचे गेली की धीराचा फासा: एक किंवा दोन पडले तर उरलेली सारी पळाली. नदी, पूल, गाव हे फरशीवर खडूने काढावे. जेवणाची ताटे मांडण्याआधी ओल्या फडक्याने पुसले की जागा मोकळी होते.