इंजिनाआधी ब्रेक

सोनारीसारख्या गावात घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जुनी प्रीमियर पद्मिनी पुन्हा उभी करायची ठरली, की हात आधी इंजिनाकडे वळतात. ते ब्रेककडे वळायला हवेत. कुर्ल्यात बनलेल्या या गाडीचं 1089 सीसीचं इंजिन जेमतेम चाळीसेक अश्वशक्तीचं; चारही चाकांचे ड्रम ब्रेक त्याच बेताचे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी 60 ऐवजी 90 किलोमीटर वेगाने पळणारी गाडी थांबवताना दीडपट नव्हे, सव्वादोनपट ऊर्जा ब्रेकना उष्णतेच्या रूपात रिचवावी लागते. तापलेला ड्रम प्रसरण पावून शूपासून दूर सरतो, लायनरचं घर्षण घटतं, पेडल खोल जातं. शिवाय पद्मिनीला वेगळी चासी नाही, बॉडीच भार पेलते. पुट्टीखाली झाकलेला गंज मग केवळ दिसण्याचा प्रश्न उरत नाही.

तापणाऱ्या ड्रमऐवजी डिस्क ब्रेक लावले तर अस्सलपणा जातो, असं शौकीन म्हणतात. पन्नाशी ओलांडलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायची असेल, तर त्यात तथ्य आहे; 2021 च्या नियमांना चासी, बॉडी, इंजिनात मोठे फेरफार चालत नाहीत. पण अशी गाडी रोज रस्त्यावर काढताही येत नाही. रोजच्या गाडीचे जुने ड्रम काढून, तेल लावून जपून ठेवता येतात. दणकट इंजिनाचा मोह मात्र आरटीओच्या परवानगीपाशीच अडतो.