चर्चगेटमधले चर्च कोणते?



मंत्रालयात कामाला गेलेले आपले लोक चर्चगेट स्टेशन पाहून येतात आणि इथे चर्च कुठे आहे हो, असे आम्हांला विचारतात. ते चर्च म्हणजे फोर्टातले दगडी सेंट थॉमस. मुंबईच्या जुन्या किल्ल्याच्या ज्या दरवाजातून तिकडे वाट जाई, तो चर्चगेट. किल्ला १८६० नंतर पाडला, नाव राहिले.

वर्गणीतून उभ्या राहणाऱ्या कामाचे काय होते, हे आपण कारखानदारीतली माणसे जाणतो. गव्हर्नर ऑंजियरने १६७६ मध्ये या चर्चचे काम काढले. पुढच्याच वर्षी तो वारला, अन् पंधरा फूट चढलेल्या भिंती जवळजवळ चाळीस वर्षे तशाच उघड्या पडून होत्या. जमलेला पैसा गेला कुठे? हॅमिल्टन नावाच्या प्रवाशाने सर जॉन चाइल्डवर बोट ठेवले.

शेवटी रिचर्ड कॉब या पाद्र्याने नव्याने वर्गणी गोळा केली. १७१८ च्या नाताळला चर्च उघडले. त्या दिवशी रामा कामाठी हे बडे हिंदू गृहस्थ जातभाईंसह दाराशी उभे राहून गाणे ऐकत होते, असे कॉबने लिहिले आहे. दोनच वर्षांत याच रामावर कान्होजी आंग्र्यांशी संधान बांधल्याचा खटला झाला. मालमत्ता जप्त झाली आणि १७२८ मध्ये ते कैदेतच वारले. पत्रे बनावट होती, हे मागाहून कळले!

बोरीबंदरला उतरल्यावर हुतात्मा चौकातून हॉर्निमन सर्कलकडे पायी जा, वाटेतच चर्च लागते.