पाचगणीचा फारोख आणि क्वीनची तबकडी
शेगावच्या स्थानकरस्त्यावर, भजनांच्या जुन्या सीडींच्या ढिगात, पूर्वमालकाच्या दस्तुरातील आद्याक्षरे मिरवीत, क्वीन या रॉक वाद्यवृंदाचे १९८१ सालचे ‘ग्रेटेस्ट हिट्स’ हे संकलन अल्प मोबदल्यात हस्तगत झाले. त्याचा गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे झांझिबारात १९४६ साली जन्मलेला पारशी फारोख बलसारा, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला आणि तेथेच ‘द हेक्टिक्स’ या शालेय वाद्यवृंदात पियानो वाजवू लागला, ही हकीकत आपल्याच मुलखात फारशी कुणाच्या दप्तरी नाही, याचे नवल वाटते. तबकडीच्या चकचकीत बाजूचे ओरखडे त्रुटिनिवारणाची गणिती योजना बहुधा सावरून घेते. छापील बाजूचे मात्र घातक, कारण परावर्तक थरावर तेथे लाखेचा केवळ पातळ लेप असतो. सुदैवाने ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’मधील, तीनच कंठांच्या पुनःपुन्हा केलेल्या ध्वनिमुद्रणातून उभारलेला समूहस्वर अक्षत निघाला. ब्रिटिश आवृत्तीतून ‘कीप युवरसेल्फ अलाइव्ह’ हे १९७३चे दणदणीत गीत वगळले, हा मात्र संकलकांचा अन्यायच.