टूसॉनचं काटेरी रान फुलतं तेव्हा

अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यात टूसॉन शहराच्या दोन अंगांना सवारो नॅशनल पार्क आहे. १९३३ पासून संरक्षित असलेल्या या रानाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा १९९४ मध्ये मिळाला. एका दिवसात दोन्ही भाग उरकण्याचा हव्यास धरू नये. फुलांचे फोटो काढायचे तर पूर्वेचा, रिंकॉन डोंगराच्या पायथ्याचा भाग मला अधिक सोयीचा वाटतो. तिथे सुमारे १३ किलोमीटरचा डांबरी रस्ता निवडुंगांमधून वळसा घेतो आणि जागोजागी गाडी थांबवता येते.

एप्रिलमध्ये जमिनीलगतचा हेजहॉग निवडुंग गडद गुलाबी फुलतो. मागोमाग चोया आणि फड्या निवडुंग. आपल्याकडच्या माळावरचा, बांधावरचा फड्या मूळचा अमेरिकेचाच. इथे त्याचं माहेर पाहायला मिळतं. त्याच्या पिवळ्या फुलातल्या केसरांना हलकेच बोट लावलं तर ते आतल्या बाजूला मिटू लागतात. सकाळी पिवळं असलेलं फूल कोमेजताना नारिंगी होतं, म्हणून त्याच झाडाकडे दुपारी पुन्हा यावं.

खरी ओढ मात्र सवारो या उंच निवडुंगाची. पहिलं फूल यायलाच त्याला साधारण ३५ वर्षं लागतात. बाहू फुटायला बहुधा त्याहून जास्त. एप्रिलअखेरीपासून जूनपर्यंत त्याच्या शेंड्यांवर पांढऱ्या, मेणचट फुलांचे मुकुट दिसतात. प्रत्येक फूल रात्री उमलतं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मिटतं. रात्री वटवाघळं येतात, उजाडल्यावर पांढऱ्या पंखांचे पारवे आणि मधमाश्या. त्यामुळे सूर्योदयालाच हजर राहावं. तिरप्या उन्हाकडे तोंड करून फोटो घेतला, की काट्यांच्या कडा उजळतात.

फुलं बरीच उंचावर असतात, लांब पल्ल्याची लेन्स हवीच. पण कडाक्याच्या थंडीत गोठून काही सवारोंचे बाहू खाली लोंबतात आणि त्यांच्या टोकाची फुलं डोळ्यांच्या पातळीवर येतात. असं झाड सापडलं तर बाकीचा बेत बाजूला ठेवून सकाळ तिथेच घालवावी. परागकण माखलेला पारवा इतक्या जवळून दुसरीकडे क्वचितच मिळेल.

दहानंतर ऊन कडक होतं. भरपूर पाणी आणि एक कंगवा जवळ ठेवा. चोयाचा तुकडा कपड्याला चिकटला तर हाताने ओढू नये, कंगव्याने झटकन उडवावा. पायवाट सोडू नका. सवारोची कोवळी रोपं झुडपांच्या सावलीतच वाढतात आणि पायाखाली सहज चिरडली जातात.