पैलवान, तू कोणत्या वर्गात?

पैलवान खाशाबा जाधवांच्या जन्माला १५ जानेवारी २०२६ रोजी शंभर वर्षं झाली. त्यानिमित्ताने ‘पॉकेट डायनॅमो’ हे त्यांचं टोपणनाव पुन्हा सगळीकडे वाचायला मिळालं. हेलसिंकी ऑलिंपिकमधलं १९५२चं कांस्यपदक सर्वांना पाठ आहे, पण हे नाव त्यांना चिकटलं ते अंगकाठीमुळे. उंची जेमतेम साडेपाच फूट, गट ५७ किलोचा आणि डाव विजेसारखे.

आपल्या तालमींतली नावं वेगळ्या मातीतली. पैलवान, वस्ताद हे शब्द फारसीतून आले, रुस्तुम तर थेट शाहनामा या फारसी महाकाव्यातला वीर. निजामाच्या मुलखातल्या आपल्या गावांत ते परके वाटलेच नाहीत. गुलाम मोहम्मद नावाच्या मल्लाचा ‘गामा’ झाला आणि इतका रुजला, की फुशारकी मारणाऱ्या पोराला आजही गावात ‘मोठा गामा लागून गेलास का’ असं विचारतात.

माझ्या मते या सगळ्यांत मोठं नाव वस्ताद. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले, पुढे रुस्तुम-ए-हिंदही. हे किताब आखाड्यात एका दिवसात मिळाले. वस्ताद व्हायला मात्र पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांना वर्षानुवर्षं पोरं घडवावी लागली. लातूरचे काका पवार त्यांचेच शिष्य, आणि २०१८च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण जिंकणारा बीडचा राहुल आवारेही त्यांच्याच हाताखाली तयार झाला. वस्ताद हे नाव कोणी जाहीर करत नाही, शिष्यांच्या तोंडी ते बसतं.

कॉलेजात मात्र हीच हाक बदलते. नायगावकडचा पोरगा नांदेडला शिकायला जातो. सुजून गोळा झालेले कान पाहून मागच्या बाकावरून ‘ए पैलवान’ ऐकू येतं. जत्रेच्या फडात त्याच शब्दाला फेट्याचा मान असतो, वर्गात त्यात ‘याला अभ्यास काय जमणार’ हे मिसळलेलं असतं. मला हे खुपतं.

खाशाबाही कॉलेजातलेच, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी होते. कॉलेजच्या वार्षिक स्पर्धेत क्रीडाशिक्षक त्यांना उतरू देईनात, तेव्हा ते थेट प्राचार्यांकडे गेले, परवानगी मिळवली आणि धिप्पाड गड्यांना चीत केलं. हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले.

आजच्या प्राचार्यांकडे कोणी घर मागत नाही. आंतरविद्यापीठ कुस्तीला गेलेल्या पोराची बुडालेली प्रात्यक्षिकं पुन्हा घ्या, त्याची हजेरी कापू नका, आणि हजेरी घेताना त्याला त्याच्या नावाने हाक मारा.