खरा अशोक ओळखा!

'सीतामाईने ज्याच्या छायेत दिवस कंठले तो अशोक दाखवा,' असे आज कोणालाही म्हणा. तो शाळेच्या कुंपणालगत उभ्या असलेल्या उंच, सडपातळ झाडाकडे बोट दाखवील. परंतु वाचकहो, भर दुपारी त्या झाडाखाली क्षणभर उभे राहून पाहा. धड एका माणसापुरती सावली नाही, तिथे आश्रयाला बसणार कोण? हा खोटा अशोक. कुळाने तो सीताफळाचा भाऊबंद. फुले हिरवट, सहसा कोणाच्या नजरेत न भरणारी.

खरा अशोक म्हणजे सीताअशोक. हा चिंचेच्या गोत्रातला. मध्यम उंचीचा, पसरट आणि दाट पानांचा. त्याची कोवळी पालवी तांबूस, मऊ, खाली लोंबणारी. वसंतात जुन्या फांद्यांवर, प्रसंगी बुंध्यावरसुद्धा सुवासिक फुलांचे गुच्छ येतात. आधी नारिंगी, मग लाल. गंमत अशी, की या फुलाला पाकळ्याच नाहीत! इतर फुलांत पाकळ्यांखाली जी हिरवी दले असतात, तीच इथे रंगून आलेली असतात.

कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'त अशोक फुलावा म्हणून मालविकेला त्याला पाय लावावा लागला. रानातल्या अशोकाला नूपुरांची गरज नाही. त्याला हवा पाण्याचा शेजार. सह्याद्रीच्या सदाहरित व निमसदाहरित रानांत, साधारण ७५० मीटर उंचीपर्यंत, ओढ्याकाठच्या ओलसर मातीत, थोरल्या झाडांच्या सावलीला तो वाढतो. श्रीलंका आणि म्यानमारमध्येही तो आढळतो.

पण त्याचा गुणच त्याच्या मुळावर आला आहे. स्त्रियांच्या विकारांवर दिल्या जाणाऱ्या अशोकारिष्टात त्याची साल लागते. साल सभोवार सोलली, की पानांनी तयार केलेले अन्न मुळांपर्यंत पोहोचत नाही आणि झाड उभ्याउभ्या वाळते. मागणी इतकी, की बाजारात खोट्या अशोकाची सालही खऱ्याच्या नावाने खपते. एकीकडे सालीसाठी होणारी तोड, दुसरीकडे आटत चाललेली राने. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने १९९८ साली या वृक्षाची नोंद धोक्यात आलेल्या जातींत केली, त्यात नवल ते काय!

आपल्या हाती एवढे नक्की आहे. रोपवाटिकेत नुसता 'अशोक' मागू नका, 'सीताअशोक' मागा आणि पान पाहूनच रोप घ्या. खोट्याचे पान एकेकटे, कडांना लाटा असलेले; खऱ्याच्या एका देठावर जोडीजोडीने पाने, कडा सरळ. बी मिळाले तर ताजे असतानाच पेरा. पहिली काही वर्षे रोपाला सावली आणि पाणी द्या. विहिरीजवळची किंवा मोरीचे पाणी जाते तिथली जागा त्याला मानवते. एखाद्या चैत्रात तो फुलला, म्हणजे मुलांना त्याच्याखाली नेऊन बसवा आणि मग अशोकवनाची गोष्ट सांगा.